पाणी तापते, हवा संपते

कोल्हापुरात खोली गरम करण्याची सोय सहसा कुणाच्या घरात नसते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे गारठा असतो, पण ऊन वर आले की तो विरतो. इथल्या घराला उष्णता लागते ती अंघोळीच्या पाण्यापुरती. पूर्वी हे काम तांब्याचा बंब करी. मधल्या नळीत शेणीचे तुकडे, चिपाडे, लाकडाच्या ढलप्या. भोवती पाणी आणि वर धुराडे. जाळ पाण्याच्या पोटातच असल्याने उष्णता फारशी वाया जात नसे. धुराने डोळे चुरचुरत, पण बंब बहुधा परसात असे आणि अंघोळ न्हाणीत. जाळ आणि माणूस यांच्यामध्ये मोकळी हवा होती.

फ्लॅटमध्ये परस उरले नाही. बंबाची जागा गॅस गीझरने घेतली आणि अनेक घरांत तो थेट बाथरूमच्या भिंतीवर चढला. नळ सोडताच गरम पाणी, वीजबिल नाही, टाकीत पाणी तापत ठेवायला नको. काटकसर म्हणून हे यंत्र चांगलेच आहे. चूक त्याच्या जागेत आहे.

मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचे तर दहा किलोवॅटहून अधिक उष्णता लागते. घरातला साठवणुकीचा विजेचा गीझर साधारण २ किलोवॅटचा असतो. म्हणजे तसे पाच गीझर एकदम लावल्याइतका हा जाळ. दहा मिनिटांच्या अंघोळीत सुमारे दीडशे ग्रॅम गॅस जळतो आणि तो नीट जळण्यासाठी जवळपास दोन घनमीटर हवा लागते. चार बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंच बाथरूममध्ये हवा असते साडेपाच घनमीटरच्या आत-बाहेर. दार-खिडकी बंद असेल तर एकाच अंघोळीत एक तृतीयांश हवा ज्योतीच्या कामी येते. पाठोपाठ दुसरा माणूस अंघोळीला जातो, तो या उरलेल्या हवेत.

प्राणवायू कमी पडला की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरची गळती कळावी म्हणून गॅसला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, त्याने डोळेही चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. गुदमरल्यासारखे वाटेल अशी खूणही शरीर देत नाही. डोके जड होते, मळमळते, आणि बाहेर पडावे असे सुचेपर्यंत पायांतले बळ गेलेले असते. दाराला आतून कडी, नळ चालू. घरच्यांना वाटते, अजून अंघोळच चालली आहे.

असा रुग्ण बेशुद्ध होऊन किंवा झटका येऊन दवाखान्यात येतो, तेव्हा फिट, चक्कर, हृदयविकार यांचाच संशय आधी घेतला जातो. भारतीय मेंदूविकारतज्ज्ञांनी तर याला ‘गॅस गीझर सिंड्रोम’ असे नावच दिले आहे. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर इथे फसवते. त्याला प्राणवायू घेतलेले रक्त आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले रक्त यांत फरक करता येत नाही, म्हणून ते ९८ दाखवत राहते. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायूवर एक-दीड तास. म्हणून ‘बाथरूममध्ये गॅस गीझर आहे’ हे एक वाक्य नातेवाइकांनी डॉक्टरांना सांगितले, तर उपचाराचा मोलाचा वेळ वाचतो. गर्भवतीच्या बाबतीत तर ते सांगितलेच पाहिजे, कारण पोटातल्या बाळाला धोका अधिक. काहींना बरे वाटून घरी गेल्यावर दोन-चार आठवड्यांनी विसराळूपणा, चालण्यात अडखळणे असा त्रास सुरू होतो. तोही याच अंघोळीचा असू शकतो.

गीझर स्वयंचलित आहे, मग भीती कसली, असे अनेकांना वाटते. पाण्याचा दाब आला की तो पेटतो, ज्योत विझली तर गॅस बंद करतो. काहींत वीस मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय असते. पाणी आणि ज्योत एवढेच त्याला कळते; खोलीतल्या माणसाचा श्वास त्याच्या हिशेबात नाही. जर्मनीत डार्मस्टाट इथे १९९१ मध्ये पहिले ‘पॅसिव्ह हाउस’ राहते झाले. उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून त्याच्या भिंती-खिडक्या कमालीच्या हवाबंद आहेत, पण आतली हवा सतत बदलणारी यंत्रणाही सोबतच बसवली आहे. आपण त्यातले बंद करणे तेवढे उचलले. सरकती काच, डास नकोत म्हणून ठोकलेली जाळी, थंडी वाजते म्हणून झरोक्यात कोंबलेला कागद.

खरे तर इथे खिडकी लावून घेऊन काहीच वाचत नाही. थंड देशात हवा तापवतात, म्हणून ती कोंडावी लागते. कोल्हापुरात तापते ते पाणी. झरोका उघडा ठेवल्याने गॅसचा खर्च वाढत नाही. घरांच्या ऊर्जाबचतीसाठी २०१८ मध्ये आलेली केंद्राची ‘इको निवास संहिता’देखील उघडणाऱ्या खिडक्यांचे किमान प्रमाण ठरवून देते.

गीझर गॅलरीत किंवा मोकळ्या डक्टच्या बाजूला बसवून गरम पाण्याची नळी आत आणणे हा प्लंबरच्या थोड्या वेळाचा मामला आहे. एक्झॉस्ट पंखा पुरेल असे समजू नये. दाराखाली हवा आत यायला फट नसेल तर तो नुसताच फिरतो. ज्योत निळी असावी. पिवळी दिसू लागली, काजळी धरली, तर बर्नर साफ करून घेईपर्यंत गीझर वापरू नये. गच्चीवर जागा असेल तर सौरबंब सर्वांत निर्धोक, त्यात जाळच नाही. आणि आतून हाकेला उत्तर आले नाही, तर दार उघडून आधी गॅस बंद करावा, माणसाला मोकळ्या हवेत आणावे आणि मग १०८ ला फोन लावावा. तोंडावर पाणी मारत तिथेच बसलेला दुसरा माणूसही त्याच हवेत श्वास घेत असतो.