विश्लेषण : खांद्याचा टेंडन दुखावला… विश्रांती घ्यायची की व्यायाम करायचा?

बसमधली वरची दांडी धरायला हात उचलला की खांद्यात कळ येते. त्या कुशीवर वळले की रात्री जाग येते. मग मलम, गोळी आणि ‘हात हलवू नकोस’ हा घरचा सल्ला. पण खांद्याच्या टेंडनचे दुखणे बहुतेक वेळा हात हलवूनच बरे करावे लागते. ते कसे?

दुखावते नेमके काय?

खांद्याचा सांधा म्हणजे उथळ वाटीला टेकलेला मोठा चेंडू. वाटी उथळ असल्यानेच हात सगळीकडे फिरतो. पण चेंडू जागेवर ठेवण्याचे काम भोवतालच्या चार स्नायूंना करावे लागते. हे स्नायू ज्या चिवट पट्ट्यांनी हाडाला जोडलेले असतात, ते टेंडन. या गटाला ‘रोटेटर कफ’ म्हणतात. वाढते वय, सतत डोक्यावर हात नेऊन केलेले काम, एकदम वाढवलेला व्यायाम ही दुखण्याची नेहमीची कारणे.

विश्रांती का पुरत नाही?

यंत्राचा पट्टा वापराने फक्त झिजतो. टेंडन मात्र योग्य भार मिळाला तर मजबूत होतो. पहिले काही दिवस कळ आणणारी कामे टाळणे ठीक. पण हात आठवडेच्या आठवडे गळ्यात अडकवला, तर सांधा आखडतो आणि स्नायू अशक्त होतात.

व्यायाम कोणता, किती?

आधी टेबलावर हात टेकवून पुढे सरकवणे. मग कोपर काटकोनात ठेवून मुठीने भिंत ढकलणे; यात हात हलत नाही, पण स्नायू काम करतो. त्यानंतर रबरी पट्टा ओढणे आणि शेवटी डोक्यावर वजन उचलणे. थोडे दुखले तर चालते. वाढलेले दुखणे दुसऱ्या सकाळपर्यंत राहिले, तर भार कमी करायचा. साधारण १२ आठवडे नेट लागतो. दोन आठवड्यांत फरक नाही म्हणून सोडून देणे, ही सर्रास होणारी चूक.

फिजिओथेरपिस्टकडे रोज जावे लागते?

ब्रिटनमधील ७०८ रुग्णांवरील ‘ग्रास्प’ चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आले. एका गटाला सहापर्यंत सत्रे दिली. दुसऱ्याला एकदाच नीट शिकवून घरी व्यायाम करायला सांगितले. वर्षभरात दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणजे खरा प्रश्न सत्रांच्या पॅकेजचा नाही. घरी नियमित करण्याचा आहे.

‘एमआरआय’मध्ये टेंडन फाटलेला दिसला तर?

लगेच शस्त्रक्रिया, असे नाही. अमेरिकेत इजा न होता टेंडन आरपार फाटलेल्या ४५२ रुग्णांना आधी व्यायाम दिला गेला. २०१३ च्या त्या अहवालानुसार, दोन वर्षांत पाव भागाहून कमी रुग्णांनी शस्त्रक्रिया करून घेतली. व्यायामाने फाटलेला भाग सांधला जातोच असे नाही. बाकीचे स्नायू काम वाटून घेतात.

थांबू नये असे कधी?

पडल्यावर हात उचलताच येत नसेल, हात बधिर होत असेल किंवा ताप व सूज असेल, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञ. खांदेदुखीसोबत छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल, तर थेट रुग्णालय. आणि दुसऱ्याने उचलूनही हात वर जात नसेल, तर ते ‘फ्रोझन शोल्डर’ असू शकते. मधुमेहींमध्ये ते जास्त आढळते आणि त्याचे उपचार वेगळे आहेत. म्हणून व्हिडीओ पाहून व्यायाम सुरू करण्याआधी निदान करून घ्या.