डोळ्यांच्या शस्त्रक्रियेतील रंगद्रव्य : रुग्ण व नातेवाइकांसाठी माहिती

मोतीबिंदू पूर्ण पिकला की डोळ्यातील भिंग दुधासारखे पांढरे होते. अशा वेळी भिंगावरील पातळ, पारदर्शक आवरण शल्यचिकित्सकास स्पष्ट दिसत नाही. शस्त्रक्रियेत मात्र याच आवरणास गोल छेद द्यावयाचा असतो. छेद वेडावाकडा गेल्यास कृत्रिम भिंग नीट बसत नाही. म्हणून ट्रायपॅन ब्लू या निळ्या रंगद्रव्याने आवरण रंगवतात व जादा द्रव लगेच धुऊन काढतात. नेदरलँड्समधील डॉ. गेरिट मेलेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली.

योग्य द्रव्य, योग्य प्रमाण व निर्जंतुकता या तिन्ही अटी पाळल्यास हा वापर सुरक्षित मानला जातो. प्रत्येक निळे द्रव्य डोळ्यास चालत नाही. मिथिलिन ब्लू बुबुळावरील पारदर्शक पटलाच्या आतील पेशींना अपाय करू शकते. दूषित द्रव्याचा धोका याहून मोठा आहे. २०१२ मध्ये अमेरिकेत, दृष्टिपटलाच्या शस्त्रक्रियेसाठी एका औषधालयाने तयार केलेल्या ब्रिलियंट ब्लू द्रव्यात बुरशी आढळली व अनेक रुग्णांच्या डोळ्यांत गंभीर संसर्ग झाला.

शस्त्रक्रियेपूर्वी
• औषधांची ॲलर्जी, गर्भारपण व पूर्वीच्या नेत्रशस्त्रक्रिया डॉक्टरांना सांगाव्यात.
• रंगद्रव्य वापरणार का, हे निःसंकोच विचारावे.
• वापरलेल्या द्रव्याचे नाव व बॅच क्रमांक शस्त्रक्रियेच्या नोंदीत लिहिण्याची विनंती करावी.

शस्त्रक्रियेनंतर
वाढत जाणारी वेदना, लाली, पापणीची सूज, चिकट स्राव किंवा अंधूक होत जाणारी दृष्टी ही धोक्याची लक्षणे आहेत. ती पहिल्याच दिवशी किंवा काही दिवसांनीही दिसू शकतात. चंडीगडच्या पीजीआयसारख्या मोठ्या संस्थेत शेजारच्या राज्यांतूनही रुग्ण येतात व शस्त्रक्रियेनंतर दूरच्या गावी परततात. अशा रुग्णांनी पुढील तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये. डिस्चार्ज कार्ड घेऊन त्याच दिवशी जवळच्या नेत्रतज्ज्ञांकडे जावे आणि शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णालयासही दूरध्वनीने कळवावे. डोळा चोळू नये. घरातील जुने थेंब घालू नयेत. संसर्गात काही तासांचा विलंबही दृष्टी हिरावू शकतो.

औषधाचा दुष्परिणाम जाणवल्यास भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कामकाजाच्या दिवशी कळवावे. आपण केलेली नोंद इतर रुग्णांचे डोळे वाचवू शकते.