काउंटरवरची उघडी वही

सोयाबीनच्या बियाण्याची तक्रार दुकानात येते ती पेरणीनंतर सातव्या-आठव्या दिवशी. जमिनीत पुरेशी ओल असली, तर चौथ्या-पाचव्या दिवशी कोंब वर डोकावायला लागतात. आठवडा उलटूनही तासं हिरवी झाली नाहीत, की शेतकरी आधी जागोजाग उकरून पाहतो, मग शेजाऱ्याच्या बांधावर जाऊन त्याचं रान बघतो आणि शेवटी रिकामी पिशवी काखेत मारून तालुक्याला येतो. त्या वेळी दुकान भरलेलं असतं. ज्यांचा पेरा अजून व्हायचा आहे, ती माणसं बियाणं न्यायला उभी असतात. त्यांच्यादेखत तो म्हणतो, "मालक, बी उगलंच न्हाई."

बहुतेक दुकानांत अशा शेतकऱ्याला आतल्या खोलीत नेतात. चहा येतो, दबक्या आवाजात बोलणं होतं, कंपनीच्या माणसाला फोन लावला जातो. आमच्याकडेही तीच रीत होती. बाहेरच्या गिऱ्हाइकाच्या कानावर तक्रार पडली तर तो हातातली पिशवी खाली ठेवतो, हे खरंच आहे. तरीही जिंतूर तालुक्यातल्या आमच्या कृषी सेवा केंद्रात आम्ही काउंटरवर एक वही ठेवली. तिच्यात कुणीही आमच्याकडून नेलेल्या बियाण्याचा अनुभव लिहावा आणि कुणीही तो वाचावा. हा निर्णय घरात बराच काळ अडून होता.

त्याचं मूळ २०२० च्या खरिपात आहे. आदल्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या अवकाळी पावसात मराठवाड्यातलं काढणीला आलेलं सोयाबीन भिजलं होतं. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ असतं. ओल लागली, आपट बसली, की उगवणशक्ती घटते. पुढच्या जूनमध्ये बियाणं न उगवल्याच्या तक्रारी हजारोंनी आल्या, दुबार पेरण्या झाल्या. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. सीलबंद पिशवीतल्या दोषाला विक्रेता कसा जबाबदार, असा दुकानदारांचा सवाल होता. तो चुकीचा नव्हता. पण त्या गदारोळात एक गोष्ट मला सलत राहिली. एकाच लॉटच्या तक्रारी वेगवेगळ्या गावांतून येत होत्या आणि प्रत्येक शेतकऱ्याला वाटत होतं, हे आपल्या एकट्याच्याच रानात झालं.

वडिलांचे आक्षेप वजनदार होते. अण्णा म्हणाले, "पिशवी आपण भरली नाही, शिव्या मात्र आपण खायच्या." पुढे म्हणाले, "शेजारचा दुकानदार दोन माणसं पाठवून वाटेल ते लिहून घेईल. ज्याचं चांगलं उगवलं तो कशाला लिहायला येतोय? आणि लेखी आलं म्हणजे उद्या तेच कागद आपल्यावर उलटतील."

शेवटच्या मुद्द्याचं उत्तर सोपं होतं. १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशानुसार साठा आणि भावाचा फलक लावणं, विकलेल्या बियाण्याचं बिल देणं आम्हाला बंधनकारकच आहे. शेतकऱ्याच्या हातातलं ते बिल हाच पहिला पुरावा असतो. राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये स्पष्ट सांगितलं, की बियाणं विकत घेणारा शेतकरी ग्राहक आहे आणि तपासणीसाठी त्यानं थोडं बियाणं मागे राखून ठेवावं, अशी अपेक्षा धरता येत नाही. म्हणजे वही नसली तरी जबाबदारी टळत नाही. बाकीच्या आक्षेपांसाठी मात्र नियम आखावे लागले.

पहिला नियम बिलाचा. नोंद करायची तर आमच्या दुकानाचा बिल क्रमांक हवा. त्यामुळे कुणी पाठवलेला माणूस आपोआप गळतो आणि आपल्याच वाणाचं कौतुक लिहून ठेवू पाहणारा कंपनीचा प्रतिनिधीही गळतो. बिलाच्या पुढे गाव, वाण, लॉट क्रमांक, पेरणीची तारीख, पेरणीआधी झालेला पाऊस, पेरणी तिफणीनं की ट्रॅक्टरनं, आणि मग काय दिसलं ते. ज्याला लिहिता येत नाही त्याचं आमचा पोऱ्या लिहून घेतो आणि सगळ्यांसमोर वाचून दाखवतो. फोन नंबर वहीत येत नाही, तो वेगळ्या डायरीत जातो. पानांवर छापील क्रमांक आहेत, कारण पान फाडायचं नाही हे आम्ही स्वतःला घालून घेतलेलं बंधन आहे. शिवी आली तर तेवढे शब्द खोडतो आणि बाजूला सही करतो. तक्रार खोडत नाही.

भारतीय मानक ब्युरोनं २०२२ मध्ये ऑनलाइन खरेदीवरच्या ग्राहकांच्या अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढलं. लिहिणारा खरा ग्राहक आहे का, पैसे देऊन लिहवून घेतलेलं नाही ना, त्याची खासगी माहिती सुरक्षित आहे का, हीच त्यातली काळजी आहे. मोठ्या बाजाराला पडलेले प्रश्न जिंतूरच्या काउंटरवरही तेच असतात.

शेवटचा रकाना उत्तराचा, आणि सगळं काम त्या रकान्यात आहे. नोंद झाली, की दोन दिवसांत शेतावर जायचं. ऐन जून-जुलैत हे जड जातं, पण गेल्याशिवाय काही कळत नाही. तास उकरलं, की दाणा स्वतः बोलतो. दाणा कोरडा, तसाच्या तसा असेल, तर ओल कमी पडली. कृषी विद्यापीठ ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरा म्हणून सांगतं ते याचसाठी. कोंब वळून पिवळा पडला असेल, तर बी खोल गेलं किंवा जोराच्या पावसानंतर वर पापुद्रा धरला. सोयाबीन ३ ते ५ सेंटिमीटरच्या आत पडायला हवं; ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राचा दाब नीट ठेवला नाही, तर ते सहज त्याखाली जातं. पण ओल चांगली, खोली बरोबर, आणि तरीही दाणा फुगून बुरशी धरून मऊ झालेला असेल आणि रानात पाणी साचलेलं नसेल, तर संशय बियाण्यावर जातो. मग पिशवीवरचं लेबल पाहायचं. प्रमाणित बियाण्याचा टॅग निळा असतो; सोयाबीनला किमान ७० टक्के उगवण असावी लागते.

वहीचा खरा उपयोग इथं कळतो. एकाच लॉटच्या नोंदी एका पानावर आल्या आणि एका गावात उगवण चांगली, दुसऱ्यात वाईट असली, तर पाऊस आणि पेरणीची खोली तपासायची. तीन गावांतून सारखीच वाईट नोंद आली, तर त्या लॉटची विक्री त्याच दिवशी थांबवायची, कंपनीला लेखी कळवायचं आणि शेतकऱ्यांना तालुका तक्रार निवारण समितीकडे अर्ज करायला सांगायचं. समिती येऊन पंचनामा करते, पण त्यासाठी रान तसंच असावं लागतं. वापसा आला, की शेतकरी थांबत नाही. थांबला तर हंगाम जातो. दुबार पेरणी झाली, की पहिल्या पेऱ्याचा पुरावा मातीत जातो. म्हणून तक्रार उघड्यावर लवकर येण्याला मोल आहे. आतल्या खोलीत चहाबरोबर जे दिवस जातात, तेच पंचनाम्याचे दिवस असतात.

वहीत चांगलंही लिहिलं जातं, पण थोडं. त्यासाठी आम्ही वेगळी खटपट केली. शेतावर गेलो, की शेजारच्या शेतकऱ्यालाही विचारतो आणि पुढच्या फेरीत दुकानात आल्यावर त्याला लिहायला लावतो. हंगामाआधी घरच्या बियाण्याची उगवण तपासणाऱ्यांनाही लिहायला सांगतो. ओल्या गोणपाटावर १०० दाणे ओळीत मांडायचे, गुंडाळी करून आठवडाभर ओली ठेवायची आणि मोड मोजायचे. हे आकडे वहीत आले, की दुसरा शेतकरी वाचून तसंच करून पाहतो.

वही सगळ्यालाच लावली नाही. फवारणीच्या औषधांसाठी ती ठेवलेली नाही. तिथं मात्रा, पाणी, वेळ आणि किडीची अवस्था इतकं काही एकत्र येतं, की एका ओळीच्या नोंदीवरून दुसऱ्यानं निर्णय घेणं घातक ठरेल. आणि फवारताना विषबाधा झाली तर वही नव्हे, दवाखाना गाठायचा असतो.

परभणीत १८ मे रोजी, वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या स्थापनादिनी, खरीप मेळावा भरतो. १९७२ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचं बियाणं घ्यायला लांबलांबून शेतकरी येतात आणि मांडवात शास्त्रज्ञांना प्रश्न विचारतात. एकानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सगळा मांडव ऐकतो. पालमच्या शेतकऱ्याची अडचण सेलूच्या शेतकऱ्याला उपयोगी पडते. दुकानात तेच का होऊ नये, एवढंच माझं म्हणणं होतं.

आता इतर दुकानदार मला विचारतात, वही ठेवावी का? मी त्यांना उलट विचारतो: दोन दिवसांत शेतावर जाल का? संशय आला तर चालू विक्रीतला लॉट बाजूला काढाल का? कंपनीची नाराजी सोसाल का? तीनही उत्तरं होकारार्थी असतील, तर ठेवा. एकही नकार असेल, तर ठेवू नका. ज्या वहीत तक्रारी साठतात आणि उत्तराचा रकाना कोरा राहतो, ती वही नसण्यापेक्षा वाईट, कारण तिनं माणसाला बोलावून घेतलेलं असतं. लोकांना लिहू द्यायचं की नाही, हा प्रश्न दिसतो गिऱ्हाइकाबद्दलचा. तो खरं तर आपण किती काम अंगावर घ्यायला तयार आहोत याचा आहे, आणि त्याचं उत्तर मृगाचा पहिला पाऊस पडण्याआधी ठरलेलं असावं.