धबधबा, बाजार आणि एक थाप

परदेशी जाऊन माणसाने खोटे बोलू नये. घरी मारलेली थाप घरातच जिरते. परदेशात मारलेली मात्र सामानाबरोबर परत येते, असा माझा स्वानुभव आहे.

गेल्या मे महिन्यात आम्ही उभयता मॉरिशसला गेलो होतो. एका शनिवारी सकाळी शामारेलचा धबधबा पाहायचा आणि परतताना कात्र बोर्न या गावी बाजार करायचा, असा बेत ठरला. मोटार हाकणारे गृहस्थ पन्नाशीचे, अबोल. समोर गणपतीची तसबीर दिसली, म्हणून मी हिंदीत चौकशी केली. उत्तर आले, "आमी पण मराठीच!"

मग गप्पांना काय तोटा! गुलामगिरी बंद होण्याच्या सुमारास तिथल्या उसाच्या मळ्यांना मजूर हवे झाले, आणि १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर माणसे नेण्यास प्रारंभ झाला. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. त्यांत मुंबई बंदरातून निघालेले कोकणातले लोकही होते. धक्क्यावरच्या नोंदवहीत मजुराचे जे नाव लिहिले गेले, तेच अनेक घराण्यांचे पुढे आडनाव होऊन बसले. "माझा आजा सांगायचा," गृहस्थ म्हणाले, "आपलं गाव रत्नागिरीकडं. पण गावाचं नाव कुणाला आठवत नाय."

नागमोडी घाट चढून आम्ही शामारेलला पोचलो. धबधबा ऐंशी मीटरांहून उंच. काळ्या कड्यावरून पाणी सरळ खालच्या हिरव्या डोहात कोसळते आणि त्याचा तुषार वर कठड्यापर्यंत येतो. लांब शेपटीचे पांढरे पक्षी त्या दरीत घिरट्या घालीत होते. हाच पक्षी तिथल्या विमान कंपनीचे बोधचिन्ह आहे. कडा ज्वालामुखीच्या बसाल्टचा, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्याच जातीचा. सौ. म्हणाली, "एवढा समुद्र ओलांडून यायचं आणि पाहायचं काय, तर आंबोली!" मी हसलो. पण जवळ उभे असलेले ते गृहस्थ हसले नाहीत. "माज्या आजाला पण घरचं वाटलं असंल," एवढेच ते म्हणाले.

दुपारी कात्र बोर्नच्या बाजारात शिरलो. आधी पोटपूजा! तिथली डाळपुरी म्हणजे आपल्या पुरणपोळीची तिखट बहीण. पातळ पोळीत वाटलेली डाळ. दोन पोळ्या एकावर एक ठेवून, आत पावट्यासारख्या दाण्यांची रस्सेदार भाजी आणि चटणी घालून, कागदात गुंडाळून हातात देतात. सौ.ने दोनदा घेतली.

भाजीवालीची भाषा क्रेओल, पण कोथिंबिरीला ती म्हणाली 'कोतोमिली' आणि कढीलिंबाला 'कारिपुले'. हे तर तमिळ मजुरांबरोबर आलेले शब्द! माझ्यातला प्राध्यापक जागा झाला. "तमिळ शब्द बाजारात टिकले. मग आपली मराठी कुठं टिकली हो?" मी विचारले.

"देवाकडं," गृहस्थ म्हणाले. "घरात क्रेओल. पण आरती मराठीत. गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, तवा आमी जाखडी नाचतो. आणि माजी धाकटी शाळेत मराठी शिकते." तिथल्या सरकारी प्राथमिक शाळांत मराठी हा ऐच्छिक विषय आहे.

यावर भाषासंवर्धनावर मी चांगले दहा मिनिटे व्याख्यान झोडले. ते त्यांनी आदराने ऐकून घेतले, आणि अगदी सहज विचारले, "गुरुजी, तुमची मुलं तर मराठी पुस्तकं भराभर वाचत असतील?"

"हो, वाचतात की!" मी म्हणालो.

सौ. एकदम पलीकडच्या टोमॅटोंचा भाव विचारू लागली.

आमचा एकुलता एक मुलगा नववीत, इंग्रजी माध्यमात. मराठी त्याला परीक्षेपुरती येते. माझ्या कपाटातल्या शेकडो पुस्तकांपैकी एकालाही त्याने हात लावलेला नाही, आणि मीही कधी त्याच्या हाती एक ठेवलेले नाही. दिवसभर मी दुसऱ्यांच्या मुलांना मराठी शिकवीत असतो ना!

बाजाराच्या तोंडाशी मी शामारेलचे एक चित्रपत्र विकत घेतले. रात्री त्यावर मुलाला चार ओळी लिहिल्या. हे पत्र आमच्यामागून तीन आठवड्यांनी घरी पोचले.

मुलगा ते घेऊन माझ्याकडे आला. "बाबा, तुम्हीच वाचून दाखवा ना."

"तू वाच," मी म्हणालो आणि हातातले पेपर बाजूला ठेवले.

अडखळत, अक्षर लावीत तो वाचू लागला. तिसऱ्या ओळीत थांबला.

"बाबा, 'आजा' म्हणजे काय?"

मी सांगू लागलो. सांगता सांगता जेवणाची वेळ टळून गेली, तरी सौ.ने हाक मारली नाही.