रोलवरून डिजिटलवर येताना: ऐकीव काय, खरं काय

फिल्मवर वर्षानुवर्षं फोटो काढलेला माणूस डिजिटल कॅमेरा घ्यायला निघाला की त्याला दोन प्रकारचे सल्लागार भेटतात. पहिला म्हणतो, "काय त्या डिजिटलच्या नादी लागता, रोलची मजा त्यात नाही." दुसरा म्हणतो, "अहो, आता शिकायचं काही राहिलंच नाही, सगळं कॅमेराच करतो." दोघंही ठाम असतात आणि दोघांचंही निम्मं चुकतं. ॲपर्चर, शटर स्पीड, उजेड कुठून येतोय, बटण नेमकं कधी दाबायचं, हे फिल्मवर कमावलेलं सगळं डिजिटलवर जसंच्या तसं चालतं. दोन-तीन ठिकाणी मात्र तेच ज्ञान उलटं पडतं, आणि पैसे किंवा फोटो वाया जातात ते तिथेच.

"मेगापिक्सेल जास्त, तेवढा कॅमेरा भारी"

दुकानात पहिला प्रश्न हाच विचारला जातो, म्हणून हिशेब करून टाकू. चांगल्या प्रिंटसाठी एका इंचात ३०० पिक्सेल धरतात. अल्बममधल्या नेहमीच्या ४ बाय ६ इंची फोटोला १२०० गुणिले १८००, म्हणजे साधारण २२ लाख पिक्सेल लागतात. मेगापिक्सेलच्या भाषेत दोन. भिंतीवर लावायच्या ८ बाय १२ ला ८६ लाख. आज साध्यातला साधा लेन्स बदलता येणारा कॅमेराही २४ मेगापिक्सेलच्या आसपास देतो, म्हणजे २० बाय १३ इंची प्रिंट सहज निघते. हौशी माणसाच्या घरात याहून मोठी प्रिंट किती वेळा होते, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

शिवाय आकडा दुप्पट झाला म्हणजे फोटो दुप्पट मोठा होत नाही. १२ चे २४ मेगापिक्सेल केले तर लांबी-रुंदी प्रत्येकी जेमतेम दीडपटीच्या आत वाढते. १९९९ साली आलेल्या निकॉन डी१ मध्ये २७ लाख पिक्सेल होते आणि वृत्तपत्रांचे छायाचित्रकार त्यावर रोजचं काम करत होते. स्टीव्ह सॅसन यांनी १९७५ मध्ये कोडॅकमध्ये जो पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, त्यात तर पिक्सेल होते १०,०००, आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. तिथून इथवर आल्यावर २४ की ३३ यावर रात्रीची झोप घालवण्यात अर्थ नाही. सेन्सरचा आकार आणि समोरची लेन्स यांनी जास्त फरक पडतो. मोबाइलच्या नखाएवढ्या सेन्सरवर ५० मेगापिक्सेल कोंबले तरी कमी उजेडात तो मोठ्या सेन्सरची बरोबरी करत नाही. सॉफ्टवेअर पुष्कळ झाकून नेतं, एवढंच.

"एक स्टॉप जास्त गेला तर काय बिघडतं?"

रोलवाल्यांचे सगळ्यात जास्त फोटो या एका सवयीने जातात, म्हणून इथे जरा थांबू.

कलर निगेटिव्ह जास्त उजेड मुकाट्याने पोटात घालते. दोन स्टॉप वर गेलात तरी लॅबवाला प्रिंट काढताना सांभाळून घेई, आणि आपल्याला कळतही नसे. उजेड कमी पडला तर मात्र सावल्या मातकट, दाणेदार दिसत. म्हणून दोनशेचा रोल घालून मीटर शंभरवर ठेवायचं, म्हणजे मुद्दाम एक स्टॉप जास्त द्यायचा, ही अनेक जाणत्यांची रीत होती, आणि निगेटिव्हसाठी ती बरोबरच होती.

डिजिटलमध्ये उलटं आहे. सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल म्हणजे उजेड साठवणारं एक भांडं. ते काठोकाठ भरलं की वरचं सांडून जातं आणि तिथे नुसता पांढरा उरतो. त्या पांढऱ्यात मागाहून काही सापडत नाही. सावल्यांमधला तपशील मात्र बराच वर काढता येतो. ज्यांनी स्लाइडवर काम केलंय त्यांना हे लवकर पटतं, कारण स्लाइडलाही जास्त उजेड खपत नसे.

ज्ञानेश्वर माऊलींची पालखी दिवे घाट चढते तेव्हा दुपारचं ऊन असेल तर हे डोळ्यांनी पाहता येतं. पांढरी टोपी, पांढरा सदरा, धोतर, आणि टोपीखाली सावलीत गेलेला रापलेला चेहरा. निगेटिव्हवाला सवयीने चेहऱ्यावर मीटर धरतो आणि क्लिक करतो. निगेटिव्हवर टोपीच्या शिवणीसकट सगळं येतं. डिजिटलवर चेहरा छान, पण टोपी आणि खांदा म्हणजे कागदाला पडलेलं भोक. तिथे एक्स्पोझर कॉम्पेन्सेशन उणे दोनतृतीयांश किंवा उणे एक करायचं, टोपी सांभाळायची, चेहरा नंतर उजळायचा.

हे नंतरचं उजळणं जमण्यासाठी फोटो रॉमध्ये, म्हणजे सेन्सरने टिपलेल्या कच्च्या फाइलमध्ये, हवा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. सावली ओढून वर आणताना जेपेग लवकर फाटतं, ते यामुळे. आणि कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर "छान दिसतोय" यावर विसंबू नका. भर उन्हात तो पडदा अंधारा वाटतो, रात्री भगभगीत. हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-अंधाराची वाटणी दाखवणारा आलेख, बघा, किंवा जळलेला भाग लुकलुकून दाखवायची सोय चालू करा. याचा अर्थ दर वेळी कमीच उजेड द्यायचा असा नाही. ढगाळ दिवशी, जिथे पांढरं फटक काहीच नाही, तिथे विनाकारण कमी दिलात तर सावल्यांत नॉइज, म्हणजे डिजिटलचे दाणे, येणार.

दुसरी सवय शंभरच्या रोलची. "शंभर म्हणजे उत्तम, चारशे नाइलाज" हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की मंदिराच्या गाभाऱ्यातही आयएसओ १०० वर ठेवून माणसं हललेले फोटो घरी आणतात. रोल एकदा घातला की संपेपर्यंत बदलता येत नसे; इथे प्रत्येक फोटोला वेगळा आयएसओ ठेवता येतो. आजच्या एपीएस-सी, म्हणजे ३५ एमएमच्या फ्रेमपेक्षा लहान, सेन्सरवरही ३२०० चा फोटो बिनदिक्कत छापावा. नॉइज पुसता येतं, हललेला फोटो सरळ करता येत नाही.

"लेन्स आहेतच, फक्त बॉडी घ्यायची"

हे कधी खरं, कधी अर्धं खरं, तर कधी साफ खोटं असतं. कंपनी कोणती आणि लेन्स कोणत्या सालची, यावर सगळं अवलंबून आहे.

निकॉनचा एफ माउंट १९५९ पासून चालत आलेला, म्हणून निकॉनवाले निर्धास्त असतात. लेन्स बसते हे खरं. पण डी३५०० किंवा डी५६०० सारख्या सुरुवातीच्या बॉडीत फोकसची मोटर नाही. जुन्या एएफ आणि एएफ-डी लेन्स तिथे हातानेच फिरवाव्या लागतात. मॅन्युअल एआय लेन्स लावली तर त्यांचं मीटरही बंद. डी७१०० किंवा डी७२०० मध्ये दोन्ही सोयी आहेत, आणि सेकंडहँड बाजारात त्या मिळतात. १९७७ च्या आधीच्या, एआय न केलेल्या लेन्स तर बहुतेक बॉडीवर बळेच बसवू नयेत. बॉडीच्या माउंटच्या कडेची खिटी मोडू शकते.

कॅननने १९८७ मध्ये जुना एफडी माउंट सोडून ईएफ आणला आणि दोन्हींचं एकमेकांशी जमत नाही. एफडी लेन्स फिल्मपासून ४२ मिलिमीटरवर बसायची, ईएफ ४४ वर. या दोन मिलिमीटरमुळे साध्या अडॅप्टरने लांबचं काही फोकस होत नाही; काच असलेला अडॅप्टर घ्यावा लागतो आणि त्या काचेपायी लेन्सची धार जाते. मिनोल्टाच्या १९८५ नंतरच्या ऑटोफोकस लेन्स सोनीच्या जुन्या अल्फा डीएसएलआरवर चालतात, कारण कोनिका मिनोल्टाने २००६ मध्ये कॅमेऱ्यांचा धंदा सोडला आणि तो माउंट सोनीकडे गेला. पेंटॅक्सवाले यात सर्वांत सुखी: १९७५ चा के माउंट अजून चालू आहे.

मिररलेस कॅमेऱ्यांनी हा गुंता बराच सोडवला. आरसाच नसल्यामुळे लेन्स आणि सेन्सर यांच्यात अंतर कमी लागतं, सोनी ई मध्ये १८ मिलिमीटर, निकॉन झेड मध्ये १६. उरलेल्या जागेत साधी नळी बसवली की एफडी, के, स्क्रू माउंट, जवळपास काहीही चालतं. फोकस हातानेच करायचा, पण पडद्यावर मोठं करून पाहता येतं. साध्या डीएसएलआरच्या बारक्या व्ह्यूफाइंडरमध्ये, जुन्या कॅमेऱ्यातली दुभंगणारी खिडकी नसताना, ५० एमएम १.८ हाताने फोकस करणं हे खरोखर कष्टाचं काम आहे. एक खोच मात्र लक्षात ठेवा: निकॉनचा एफटीझेड अडॅप्टर लावला तरी एएफ-डी लेन्स आपोआप फोकस होत नाहीत, कारण अडॅप्टरमध्ये मोटर नाही.

"एपीएस-सीवर ५० ची लेन्स ७५ ची होते" हेही असंच ऐकीव. लेन्स ५० चीच राहते. सेन्सर ३५ एमएमच्या फ्रेमपेक्षा लहान असल्यामुळे कडेचं कापलं जातं आणि फोटो ७५ ने काढल्यासारखा दिसतो. पोर्ट्रेटवाल्याला हे बरंच वाटतं. नुकसान होतं ते वाड्याचा चौक २८ ने टिपणाऱ्याचं, कारण त्याच्या हातात आता ४२ उरते. त्याने किटमधली १८-५५ नाक न मुरडता घ्यावी. १८ म्हणजे जुन्या हिशेबाने २७.

लेन्स लावण्याआधी ती खिडकीकडे धरा, ॲपर्चर पूर्ण उघडा आणि तिरक्या उजेडात आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. कोकणात आणि मुंबईत चार महिने दमट हवेत, चामड्याच्या केसमध्ये बंद राहिलेल्या लेन्समध्ये ती हमखास सापडते. चामडं ओल धरून ठेवतं. थोडी असेल तर कारागीर साफ करतो. काचेवरचं कोटिंग खाल्लेलं असेल तर नवी सेकंडहँड लेन्स स्वस्त पडते.

जुन्या फ्लॅशबद्दल तर इशाराच द्यायला हवा. "बसतो ना शूवर, मग चालणार" असं नाही. काही जुन्या फ्लॅशच्या टोकांवर २०० व्होल्टहून जास्त दाब असतो. जुन्या यांत्रिक कॅमेऱ्याला त्याचं काही वाटत नसे, डिजिटल बॉडीतलं सर्किट मात्र त्याने जळू शकतं. फ्लॅश चालू करून तयारीचा दिवा लागू द्या, मग मल्टिमीटरची एक टोकणी मधल्या बिंदूला आणि दुसरी कडेच्या पट्टीला लावा. आलेला आकडा कॅमेऱ्याच्या मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून पाहा. मीटर नसेल तर फ्लॅश लावूच नका.

"रोलचा फोटो खरा, डिजिटलचा बनवलेला"

आपल्या फोटो स्टुडिओत निगेटिव्हवर पेन्सिलने टचिंग करणारा माणूस असायचा. मुरुमं, देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं तो बसल्या जागी घालवी. डार्करूममध्ये आकाश गडद करणं, चेहरा उजळणं हे रोजचंच. ट्यूबलाइटखाली काढलेल्या निगेटिव्हवर हिरवट झाक यायची, ती लॅबवाला काढायचा. आता तेच व्हाइट बॅलन्स करतो. आणि २००० नंतरच्या अल्बममधले पुष्कळसे "रोलचे" फोटो मुळात डिजिटल वाटेनेच आले आहेत: १९९६ मध्ये आलेल्या फूजी फ्रंटियरसारख्या मशीन निगेटिव्ह स्कॅन करत आणि लेझरने कागदावर उतरवत. रोलचा रंग वेगळा दिसतो, तो कुणाला जास्त आवडतो, ही आवड झाली. खऱ्या-खोट्याचा तिथे संबंध नाही.

"आता फोटो फुकट, आणि कायमचे"

रोल, धुलाई आणि स्कॅन मिळून आज ३६ फोटोंना सहज हजार रुपये पडतात, त्यामानाने डिजिटल फुकट म्हणता येईल. पण हार्ड डिस्क, कार्ड, बरा कॉम्प्युटर आणि शेकडो फोटोंतून दहा निवडायचा वेळ, हे बिल कुणी सांगत नाही. निवडीचा कंटाळा हा हौशी माणसाचा खरा शत्रू.

टिकण्याबद्दल दोन्ही बाजूंनी भ्रम आहेत. निगेटिव्ह अमर नाहीत. कलर निगेटिव्हचे रंग काळाने उडतात, दमट कपाटात बुरशी धरते. कृष्णधवल नीट धुतलेली असेल तर खूप टिकते, कारण तिथे चित्र रंगद्रव्याचं नसून चांदीचं असतं. डिजिटल फाइल मात्र हळूहळू फिकट होत नाही, ती एका दिवसात जाते. म्हणून एक प्रत घरात, दुसरी वेगळ्या डिस्कवर, तिसरी घराबाहेर. मोबाइलवर पाठवलेला फोटो ही प्रत नव्हे. पाठवताना तो बहुधा आकसतो.

"फिल्म बंद झाली" हीसुद्धा अफवाच. कोडॅकने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला हे खरं, पण रोल अजून बनतात, इलफर्डचे कृष्णधवलही. मुंबई-पुण्यात रोल धुणाऱ्या लॅब आहेत, बाकीचे कुरिअरने पाठवतात. त्यामुळे डिजिटल घेतला म्हणून जुना कॅमेरा लगेच फुंकायची घाई नको. विकायचाच असेल तर आधी मागचं झाकण उघडू नका. रोल गुंडाळायची कळ बाणाच्या दिशेने हलकेच फिरवा. ताण लागला तर आत रोल आहे. तळाचं बटण दाबून तो गुंडाळा आणि डबीवर काय लिहिलंय ते वाचा. सी-४१ असेल तर कितीही जुना असला तरी लॅबला देऊन पाहायला हरकत नाही. कोडाक्रोम असेल तर रंगांची आशा सोडा; तो धुणारी जगातली शेवटची लॅब, अमेरिकेतल्या कॅन्ससमधली, ३० डिसेंबर २०१० पर्यंतच रोल घेत होती.