राळेगणसिद्धीचा जिल्हा कोणता?

जिल्हाविभाजनाचा विषय निघाला की आपल्याकडील चर्चा दोनच प्रश्नांभोवती फिरते : मुख्यालय कोठे आणि नाव कोणते. नगर जिल्ह्यापुरता नावाचा प्रश्न २०२४ मध्ये शासनाने निकालात काढला आणि अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. मुख्यालयाचा प्रश्न मात्र संगमनेर, श्रीरामपूर आणि शिर्डी यांच्या ओढाताणीत वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला आहे. या वादात जिल्ह्याच्या दक्षिण भागाला फारसे कोणी विचारत नाही. विभाजन झाले तरी त्यांची कचेरी नगरलाच राहणार, मग त्यांचे बिघडते काय, असा एकूण हिशेब असतो. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे असेच एक दक्षिणेकडील गाव. १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने तेथे पाणलोटाचे जे काम झाले त्यामुळे ते देशभर ठाऊक झाले. ती कथा पुष्कळदा सांगून झाली आहे. येथे पाहावयाचे आहे ते इतकेच, की हे गाव नेमके कोणकोणत्या सीमांच्या आत नांदते.

महसुलाच्या दृष्टीने ते नाशिक विभागात मोडते. विभागीय आयुक्त नाशिकला बसतात. गावातील मुलगा पदवीसाठी महाविद्यालयात गेला तर त्याची परीक्षा घेणारे विद्यापीठ पुण्याचे. जमिनीचा तंटा उच्च न्यायालयात गेला तर वाट धरावी लागते छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, खंडपीठाची. आणि नोकरीधंद्यासाठी तरुण निघतो तो बहुधा सुप्याच्या औद्योगिक वसाहतीकडे किंवा पुणे-नगर रस्त्याने थेट पुण्याकडे. आयुक्त एका दिशेला, कुलगुरू दुसऱ्या, न्यायमूर्ती तिसऱ्या, अशी ही परिस्थिती आहे. जिल्हा म्हणून आपण नकाशावर जी एक ठसठशीत रेघ पाहतो, ती वस्तुतः अनेक रेघांपैकी एक आहे, आणि त्या रेघा एकमेकींवर बसत नाहीत.

हा जिल्हा प्रारंभापासून असाच होता असेही नाही. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यानंतर इंग्रजांनी जो नगर जिल्हा आखला त्यात नाशिककडील मोठा मुलूख होता. त्यातील तालुके आणि खानदेशातील काही तालुके एकत्र करून १८६९ मध्ये नाशिकचा स्वतंत्र जिल्हा झाला. आज नाशिकला नगरचे आयुक्त बसावेत हा इतिहासाचा थोडासा सूडच म्हणायचा. जामखेडकडील कित्येक गावे तर स्वातंत्र्यापर्यंत निजामाच्या मुलखाने वेढलेली होती. महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा २६ जिल्हे होते, ते २०१४ मध्ये पालघर वेगळा झाल्यावर ३६ झाले. १९८१ मध्ये जालना जिल्हा निर्माण करताना औरंगाबादबरोबरच परभणीचाही तालुका तोडून घेतला गेला. तेव्हा जिल्ह्याची सीमा पवित्र आहे, तिला हात लावू नये, असे म्हणण्यात अर्थ नाही. प्रश्न ती कशाच्या आधाराने आखायची हा आहे.

इंग्लंडचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. हंबर नदीच्या मुखाशी क्लीथॉर्प्स नावाचे एक समुद्रकाठचे गाव आहे. ते पिढ्यान्‌पिढ्या लिंकनशायरचे. १९७४ च्या पुनर्रचनेत नदीच्या दोन्ही तीरांवरील प्रदेश एकत्र करून हंबरसाइड नावाची नवी काउंटी बनविण्यात आली आणि क्लीथॉर्प्स तिच्यात गेले. कल्पना कागदावर नामी होती. १९८१ मध्ये नदीवर भव्य पूलही झाला. पण दक्षिण तीरावरील लोकांनी स्वतःला हंबरसाइडचे मानले नाही, उत्तर तीरावरील लोकांनी यॉर्कशायर सोडले नाही, आणि १९९६ मध्ये ती काउंटी मोडीत निघाली. बावीस वर्षांत एक जिल्हा जन्मला आणि मेला.

आपल्याकडे पाण्याचे नाते निराळे आहे. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात येडगाव धरण आहे. तेथून निघणारा कुकडीचा डावा कालवा जुन्नरमधून पारनेरात येतो, मग श्रीगोंदा, कर्जत असे तालुके ओलांडीत सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्यापर्यंत जातो. एक कालवा, तीन जिल्हे. राळेगणच्या शिवारातही अडविलेल्या पावसाच्या पाण्याला जोड मिळाली ती याच कालव्यातून सामुदायिकरीत्या उचललेल्या पाण्याची. कमी पावसाच्या वर्षी आवर्तन कधी सोडायचे, किती दिवस चालवायचे, वरच्या गावांनी किती उचलायचे, यावर तंटे होतात. ज्याला शेतकरी ‘टेल’ म्हणतात त्या शेवटाकडील गावांपर्यंत पाणी पोहोचते की नाही, याची काळजी कर्जत-करमाळ्याला दर उन्हाळ्यात असते. या तंट्यात पारनेरकराचे भांडण संगमनेरशी नसते, श्रीरामपूरशीही नसते. त्याच्या वरच्या बाजूस जुन्नर आहे आणि खालच्या बाजूस श्रीगोंदा. आणि यांतील पहिल्यावर नगरच्या जिल्हाधिकाऱ्यांची काहीच सत्ता चालत नाही.

उत्तरेची गोष्ट वेगळी. तेथे प्रवरेवर १९२६ पासून भंडारदऱ्याचे धरण आहे, कालव्यांच्या आधाराने उसाचे पीक आहे, लोणीला १९५० साली उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना आहे. अकोल्याच्या डोंगरातील माणसाला एका सहीसाठी शंभरांहून अधिक किलोमीटर नगरला यावे लागते, ही अडचण खरी आहे. सतरा हजार चौरस किलोमीटरचा, चौदा तालुक्यांचा, राज्यातील सर्वांत मोठा हा जिल्हा एका कचेरीतून चालविणे सोपे नाही. २०२३ मध्ये शिर्डीला अपर जिल्हाधिकाऱ्यांचे कार्यालय करण्याचा निर्णय झाला तो त्यामुळेच. विभाजनाला प्रस्तुत लेखकाचा विरोध नाही. परंतु विभाजनानंतर जो दक्षिण जिल्हा उरेल त्यात पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, जामखेड, पाथर्डी असे अवर्षणाचे तालुके एकत्र येतील. जिल्हा परिषदेचे उत्पन्न आणि जिल्हा सहकारी बँकेचा पैसा आज समृद्ध उत्तरेच्या जोरावर उभा आहे. त्याची वाटणी कशी व्हायची, याविषयी मुख्यालयासाठी भांडणारे अवाक्षर काढीत नाहीत. उत्तरेच्या वर्चस्वातून सुटका होईल म्हणून दक्षिणेतील काहींना विभाजन हवेसे वाटते. तेही समजण्यासारखे आहे. मात्र सुटका झाल्यावर ताटात काय पडेल, हे त्यांनीही विचारले पाहिजे.

आणि राहुरी कोणत्या बाजूस जाणार? मुळा धरण तेथे आहे, कृषी विद्यापीठ तेथे आहे. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेने राहुरी लोकसभेसाठी पारनेर-श्रीगोंद्याबरोबर दक्षिणेत आणि नेवासे शिर्डीबरोबर उत्तरेत टाकले. जिल्ह्याची फाळणी त्याच रेषेवर करायची, की कालव्यांच्या लाभक्षेत्राच्या रेषेवर? या दोहोंत मोठा फरक पडतो. पारनेरचा कल पुण्याकडे आहे म्हणून तो तालुका तिकडेच जोडावा असेही कोणी म्हणेल. पण पुणे जिल्ह्याच्याच विभाजनाची मागणी तिकडे होत असते. शासनाने मुख्यालयाचे नाव जाहीर करण्यापूर्वी महसूल, पाणी, न्यायालय, विद्यापीठ आणि मतदारसंघ यांच्या सीमा दाखविणारा एकच नकाशा छापून चौदाही तालुक्यांच्या ग्रामसभांपुढे ठेवावा, आणि कुकडीच्या पाण्यासाठी तिन्ही जिल्ह्यांना बांधील असे वाटप आधी लेखी ठरवून घ्यावे. राळेगणच्या ग्रामसभेला असा नकाशा वाचण्याची सवय आहे. गावातले पाणी कोठून कोठे वाहते हे तिने पूर्वीच मोजले आहे.