पायलटसाठी पदरमोड किती करावी?

रिॲलिटी शोची नवी कल्पना सुचलेल्या होतकरू निर्मात्याला वाहिन्यांच्या कार्यालयात सहजासहजी प्रवेश मिळत नाही. मग स्वतःच्या खर्चाने एक भाग चित्रित करून तोच पुढे करावा, हा विचार बळावतो. कॅमेरे आवाक्यात आले आहेत, संकलन घरच्या संगणकावर होते. मात्र आयुष्याची पुंजी मोडून किंवा घर तारण ठेवून ‘पायलट’, म्हणजे नमुना भाग, करण्यापूर्वी हा पैसा कोणत्या वाटेने परत येणार, याचा विचार व्हायला हवा.

कथामालिकेच्या पायलटमधून लेखनाची व अभिनयाची चुणूक दिसते. रिॲलिटी शोची रंगत मात्र स्पर्धकांच्या निवडीत, भागागणिक वाढणाऱ्या चुरशीत आणि बाद होण्याच्या टांगत्या तलवारीत असते. ती एका भागात, तुटपुंज्या पैशांत उभी राहत नाही. शिवाय कल्पना पसंत पडली, तरी वाहिनी सूत्रसंचालक, नेपथ्य आणि स्पर्धक आपल्या प्रेक्षकांनुसार बदलू शकते. मग पदरमोड करून केलेला भाग कपाटातच राहतो.

मोठ्या वाहिन्यांचा कल अन्यत्र पारखलेल्या साच्याकडे असतो. २००० साली आलेला ‘कौन बनेगा करोडपती’ ब्रिटनमधील १९९८ च्या कार्यक्रमावर बेतला होता. २००६ च्या ‘बिग बॉस’चे मूळ नेदरलँड्समधील १९९९ च्या ‘बिग ब्रदर’मध्ये होते. चार्ली पार्सन्स या ब्रिटिश निर्मात्याची कल्पना १९९७ मध्ये स्वीडनमध्ये साकारली आणि २००० साली ‘सर्व्हायव्हर’ या नावाने अमेरिकेत गाजली. तेथे निर्माते मार्क बर्नेट यांनी प्रक्षेपणापूर्वीच प्रायोजक जमवून वाहिनीची जोखीम हलकी केली. पैसे गुंतवणाऱ्याला चकचकीत भागापेक्षा असा भरवसा अधिक मोलाचा वाटतो.

दुसरी भीती कल्पना चोरीला जाण्याची. कॉपीराइट कायदा नुसत्या कल्पनेला संरक्षण देत नाही. ‘ऑपॉर्च्युनिटी नॉक्स’चे ह्युई ग्रीन यांनी न्यूझीलंडमधील त्याच नावाच्या कार्यक्रमाविरुद्ध दाद मागितली, पण १९८९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने त्यांचे अपील फेटाळले. याउलट, दूरचित्रवाणीवरील ‘स्वयंवरा’ची तपशीलवार संकल्पना विश्वासाने वाहिनीसमोर मांडणाऱ्या निर्मात्याला दिल्ली उच्च न्यायालयाने २००२ मध्ये तात्पुरता मनाई हुकूम मिळवून दिला. तेथे कामी आले ते तपशीलवार टिपण आणि गोपनीयतेचा आधार. त्यासाठी पूर्ण भाग चित्रित करण्याची गरज नव्हती.

म्हणून खर्चाचा क्रम महत्त्वाचा. प्रथम भागांची रचना, नियम, स्पर्धकांचे स्वरूप आणि अंदाजपत्रक असलेले टिपण तयार करून त्याची नोंदणी करावी. ते कोणाला, कधी पाठवले याचा लेखी पुरावा जपावा. त्यानंतर दोन-तीन मिनिटांची झलक-फीत करावी. एखादे विलक्षण कुटुंब, दुर्मीळ व्यवसाय किंवा इतरांना प्रवेश नसलेली जागा हाती असेल, तर ती या फितीतून ठसते. एखाद्या प्रस्थापित निर्मितीसंस्थेला भागीदार करून घेतल्यास वाहिनीचे दार लवकर उघडते.

पूर्ण पायलट तीनच परिस्थितींत समर्थनीय ठरतो: खेळाचे नियम प्रत्यक्षात चालतात की नाही हे खेळून पाहिल्याशिवाय कळत नसेल; वाहिनीने नकार दिल्यास तोच भाग यूट्यूबवर दाखवून प्रेक्षक मिळवण्याची योजना असेल; किंवा सारी रक्कम बुडाली तरी घराचा हप्ता आणि मुलांची फी थकणार नसेल. अशा वेळीही सहभागींची लेखी संमती आणि संगीताचे हक्क आधीच घ्यावेत. ते नसतील, तर उत्तम झालेला भागही दाखवता येत नाही.

खर्चाची मर्यादा चित्रीकरणाआधी कागदावर लिहून ठेवणे, हा यातील सर्वांत स्वस्त विमा होय. संकलनाच्या टेबलावर ‘आणखी थोडे’ म्हणण्याचा मोह कोणालाच आवरत नाही.